पायरीवरचं वायफाय

"पण बाबा, जे घरपट्टी भरत नाहीत, त्यांना फुकट का द्यायचं?"

विचारणारे विश्वासराव घोरपडे गावचे नगराध्यक्ष. गावात चौकाचौकांत आणि दर्ग्यातही फुकट वायफाय त्यांनीच आणलं होतं आणि ते कुणाला विसरू देत नसत. दर गुरुवारी दर्ग्यात येऊन तिथल्या फकीर लालशाबाबांच्या पायाशी बसायचे. आज मात्र ठरवूनच आले होते. यापुढे घरपट्टी भरेल त्यालाच वायफाय.

बाबा निखाऱ्यांवर ऊद टाकत होते.

"ती बाई बघा. रोज दुपारी इथं येऊन बसते. भरायचं आम्ही आणि..."

पायरीवर जैनबबी बसली होती. भाड्याच्या खोलीत राहणारी, कसली घरपट्टी आणि कसलं काय! फोनवर मस्कतला गेलेल्या मुलाचा चेहरा होता. ती त्याच्याकडे नुसती बघत होती. मधूनच विचारायची, "जेवलास?"

"तुमची लेक कुठं असते?" बाबांनी विचारलं.

"बंगळूरला."

"बोलणं होतं?"

"घरात सगळीकडे रेंज आहे, बाबा. पण ती फोन उचलत नाही. मीच तिच्या लग्नाला गेलो नाही... आता तर मी लावतही नाही." विश्वासरावांनी जैनबबीच्या फोनकडे पाहिलं. "तिचा आवाज ऐकायला जीव तुटतो हो."

बाबा धुपाटणं आणि मोरपिसांचा कुंचा घेऊन उठले.

गुरुवारी सगळ्यांना ऊद द्यायचा, हा रिवाज. बाबा जवळ येताच जैनबबीनं फोन धुरात धरला. मस्कतमध्ये मुलानं डोळे मिटून मान झुकवली. बाबांनी काचेवरून हलकेच कुंचा फिरवला.

विश्वासरावांना हसू आलं. "बाबा, मस्कतपर्यंत धूर जातो होय?"

बाबा पुढे निघाले. विश्वासरावांचं हसू ओसरलं. खिशातून फोन काढून त्यांनी लेकीचा फोटो उघडला आणि दोन्ही हातांनी धुरापुढे धरला.

"हिलाही... द्या."

बाबांनी फोटोवरूनही तसाच कुंचा फिरवला. विश्वासराव उभेच राहिले. अंगठा लेकीच्या नंबरावर येऊन थांबला होता.

बाबा पायरीकडे वळले.

"जैनब, जरा सरक गं. आणखी एक गरजू आलाय."