नावासकट मुलाखत

हेमांगी काळसेकरने विडी कारखान्यातल्या चाळीस बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मुकादम कसा छळतो, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. नावं-गावं बदललेली प्रत तिने इतर अभ्यासकांसाठी आपल्या संशोधन संस्थेत ठेवलीही होती. तरी संचालक दाभाडेसाहेब मूळ ध्वनिमुद्रणं मागतच राहिले. चौथ्यांदा बोलावणं आलं, तेव्हा तिचं डोकंच उठलं.

"सर, आवाज ओळखले गेले तर त्या बायकांचं काम जाईल. किती वेळा सांगू?"

"ज्ञान लपवायचं नसतं, बाई! एकदा मुलाखत दिली की ती सगळ्यांची झाली. उद्याच नावासकट संकेतस्थळावर टाका."

"बरं. मग सुरुवात तुमच्यापासूनच करते," हेमांगी म्हणाली. "संस्थेच्या इतिहासासाठी मी तुमचीही मुलाखत घेतली होती. आपल्या अध्यक्षांना काडीची अक्कल नाही, असं तुम्ही त्यात तीनदा म्हणालात. आवाज अगदी खणखणीत आलाय."

साहेबांना चहाचा ठसकाच लागला. "अहो, ते मी तुमच्यावर विश्वास ठेवून बोललो होतो!"

"त्या बायकाही तशाच बोलल्या, सर."

साहेब बराच वेळ रुमालाने टेबल पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझी मुलाखत कुलपात आहे ना?"

"आहे, सर. त्या बायकांच्या मुलाखतींच्याच कपाटात."