सूर्यास्ताआधी उतरायचा कडा

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध तांडेल राहत असे. समुद्रावर होडी घेऊन जाणे त्याने सोडले होते आणि येणाऱ्या पाहुण्यांना तो आपला किनारा दाखवीत असे. पाण्यातला जुना किल्ला, चहूकडे खारट समुद्र असूनही गोड राहिलेली त्यातली विहीर, लाटांनी कोरलेली गुहा, आणि शेवटी गावामागचा उंच कडा. हाताखाली त्याने एक शिष्य घेतला होता. शिष्य हुशार होता, बोलका होता, आणि आपण बोलके आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र शिष्याच्या पचनी पडत नसे. कड्यावरून सूर्यास्त असा दिसे की डोळ्यांचे पारणे फिटावे. आणि नेमका सूर्य कलू लागला की म्हातारा पाहुण्यांना घाईघाईने खाली उतरवी. लोक कुरकुरत. म्हातारा म्हणे, "वारो वाढता. चला." वारा तर तिथे सकाळीही तेवढाच असे.

पुढे म्हातारा तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याच सुमारास शहरातला एक व्यापारी कुटुंबासह आला. शिष्याने त्याला किल्ला दाखवला, विहिरीचे पाणी पाजले, आणि मनाशी ठरवले की आज यांना कड्यावरचा सूर्यास्त दाखवायचाच. सूर्य टेकायच्या बेताला सगळे वर पोहोचले.

टोकाच्या खडकावर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. तिने पानावर भात वाढला, त्यावर बांगड्याचे सार ओतले, आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारली, "येसो, चल रे, जेवूक." मग पदरात तोंड खुपसून ती रडू लागली. शिष्याने तिला ओळखले. ती तांडेलाची बायको होती, तो तिला काकी म्हणे. त्यांचा मुलगा येसो वादळात होडीसकट गेला होता आणि पुढे त्याचे काहीच हाती लागले नव्हते. पण घरी या बाईला शिष्याने हसऱ्या चेहऱ्याशिवाय कधी पाहिले नव्हते.

त्याच क्षणी मागे फिरायला हवे होते. पण व्यापाऱ्याने कौतुकाने विचारले, "ही इथली प्रथा का?" आणि शिष्याची जीभ सवयीने चालली. "हो, जुनी रीत आहे," तो म्हणाला.

व्यापारी मनाचा वाईट नव्हता. फोन सरसावून तो अदबीने म्हणाला, "आजी, उजेड फार छान पडलाय. जरा पुन्हा एकदा हाक माराल?"

म्हातारी दचकली. तिने शिष्याकडे पाहिले. आल्यागेल्या पाहुण्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिने डोळे पुसले, ती समुद्राकडे वळली आणि तिने पुन्हा हाक मारली. या वेळी तिचा आवाज जेमतेम खडकाच्या कडेपर्यंत पोहोचला.

काही दिवस शिष्याला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. मग एका सकाळी तो तांडेलाच्या उशाशी जाऊन बसला आणि त्याने सगळे सांगून टाकले. म्हातारा कोपरावर रेलून उठला.

"माका दिसू नये म्हणान ती थयसर रडूक जाय," तो म्हणाला. "घरात रडली तर मी मोडान पडतलंय, असा तिका वाटता. माका सगळा ठावक होता, पण मी तिका कधी कळूक दिलंय नाय. तिन्हीसांजेक तो कडो तिचो, म्हणान मी लोकांका खाली आणी. किल्लो दाखव, गुहा दाखव. पण एखादी जागा कोणाच्या तरी रडण्याची असता. ती आपण बघूची नाय, दुसऱ्याक दाखवूची नाय."

"आणि आता?"

"आता ती खयच जाय नाय. चुलीकडे बसान रवता. हसणा नाय, रडणा नाय."

शिष्याने मान खाली घातली. दुःखाला त्याने रीत म्हटले होते, आणि त्या एका शब्दाने एका आईची रडायची जागा गेली होती.

म्हातारी पुन्हा कड्यावर गेली नाही. तांडेल बरा झाला, पण चढ त्याला झेपेना, म्हणून पाहुण्यांना नेण्याचे काम शिष्याकडे आले. सूर्य कलला की तो सगळ्यांना खाली आणी. लोक कुरकुरत. तो म्हणे, "वारा वाढतो. चला."

एका संध्याकाळी वाळूत बसलेला तांडेल त्याला म्हणाला, "आता थय कोण नसता. लोकांका रवू दे की."

"उद्या काकी इली तर?" शिष्य म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सूर्य बुडेपर्यंत ते दोघे त्या रिकाम्या कड्याकडे पाठ करून बसून राहिले.