जहाजाच्या उत्तराची वाट

फार मागची गोष्ट आहे. दूरदेशी, नदीने समुद्राला जोडलेल्या एका मोठ्या तळ्याकाठी गुराखी आणि कोळी शेजारी शेजारी राहत. दूध इकडून तिकडे जाई, मासळी तिकडून इकडे येई, आणि लेकी दोन्हीकडे दिलेल्या. भांडणं होत, का नाही होणार? पण रीत अशी होती, की दोन्हीकडच्या मुखियांनी गोरखचिंचेच्या झाडाखाली एका ताटात जेवायचं आणि ताट रिकामं होईपर्यंत भांडणाचा शब्द काढायचा नाही. पोट भरलं की राग निम्मा होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मग जहाजवाले आले. तीन पिढ्या त्यांनी राज्य केलं. मध्ये दगड रोवून 'हे तुमचं, ते त्यांचं' असं ठरवून टाकलं, आणि जाताना गुराख्यांचा मुखियाही तेच नेमून गेले.

माणूस वाईट नव्हता हो. पण लहानपणीच त्याला त्यांनी आपल्या शाळेत नेलेलं. गुरांपेक्षा जहाजवाल्यांचीच भाषा त्याला जास्त कळे. त्याला टेकडीवर उंच घर दिलं आणि सांगितलं, "अडलं तर पत्र लिही."

त्या घरात तो एकटाच. संध्याकाळी खालच्या अंगणांतून हसणं ऐकू येई. तो खाली उतरला, की हसणं थांबे.

एका उन्हाळ्यात गुराख्यांकडचं पाणी आटलं. तहानलेली गुरं दगड ओलांडून गेली आणि त्यांनी कोळ्यांची जाळी तुडवली. कोळ्यांनी सात गाई अडकवून ठेवल्या. दोन्हीकडे भाल्यांना धार लागली.

मुखियाची धाकटी बहीण कोळ्यांच्या मुखियाची बायको. ती धावत आली.

"दादा, चल. हे सकाळपासून ताट वाढून झाडाखाली बसलेत."

"येतो गं. पत्र केव्हाच पाठवलंय. उत्तर आलं की निघालोच."

"जेवायला जायला पत्र? मासा आमचा, भूक तुझी, आणि विचारायचं समुद्रापलीकडे?"

"तुला राज्यकारभार नाही कळत."

"नाही कळत. मला दोन मुलगे आहेत, तेवढं कळतं."

ती गेली. खरं सांगायचं, तर त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाही होता. पण मनात आलं, ज्यांनी बसवलं ते रागावले तर? तो मागे फिरला.

कोळ्यांचा मुखिया तीन दिवस वाट बघत बसला. चौथ्या दिवशी उठून गेला.

पाचव्या दिवशी जहाज आलं. पत्रात लिहिलं होतं, 'झुकू नका. बंदुका पाठवत आहोत. बदल्यात तुमच्याकडचा तांबं सापडतं तो डोंगर आमचा.' पेट्या उतरवून तेच जहाज पुढे कोळ्यांच्या काठाला लागलं आणि तशाच पेट्या तिथेही उतरल्या.

लढाई पावसाळ्यापर्यंत चालली. बहिणीचा थोरला गेला. मुखिया तिच्या दारी गेला, तर दार उघडलंच नाही. आतून तिचा आवाज आला, "कोण आपण?"

दादा म्हणणारं ते एकच माणूस होतं त्याला.

घरी येऊन त्याने पुन्हा पत्र लिहिलं, 'आता मी काय करू?'

या वेळी उत्तर लवकर आलं. 'नवा मुखिया नेमला आहे. घर रिकामं करावं.'

तो टेकडी उतरला आणि गुराख्यांच्या वस्तीतून चालत गेला. अंगणात माणसं बसली होती. 'टेक घटकाभर' असं कोणी म्हणालं नाही.

तात्पर्य : आपल्या माणसांशी समेट करायला जो परक्याची परवानगी मागतो, तो शेवटी आपल्यांनाच परका होतो.