कीबोर्ड शाल्मलीकडे होता

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत राजाध्यक्ष साहेबांनी फर्मान काढलं, की यापुढे एकट्याने प्रोग्राम लिहायचा नाही. सगळ्यांनी एका मोठ्या पडद्यासमोर बसायचं, कीबोर्ड एकाकडे द्यायचा आणि त्याने बाकीचे सांगतील तेवढंच टाइप करायचं.

बडबड्या परागला तर स्वर्गच मिळाला, कारण बोलल्याशिवाय त्याला काही सुचतच नसे. शाल्मलीला मात्र शांततेत सुचायचं. खिडकीजवळची तिची जुनी खुर्ची आता रिकामी असायची, आणि तिचा जीव दिवसभर त्या खुर्चीत अडकलेला असायचा.

महिन्याभराने साहेबांनी सगळ्यांसमोर ऐटीत विचारलं, "कोणाला ही पद्धत जाचते का? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

"बघा! सगळे खूश!"

कीबोर्ड तेव्हा शाल्मलीकडे होता. पडद्यावर अक्षरं उमटली: 'साहेब, ज्यांना चारचौघांत तोंड उघडवत नाही, त्यांना तुम्ही चारचौघांतच विचारलंत.'

साहेब कडाडले, "हे लिहायला कोणी सांगितलं?"

शाल्मलीने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि टाइप केलं: 'कोणीच नाही. म्हणून तर सुचलं.'