क्रूस ओलांडेपर्यंत

त्या टोकावर पांढरा क्रूस दिसतो ना, तो ओलांडेपर्यंत आमच्या होड्यांतल्या टोपल्या झाकलेल्या असतात. भरलेल्या असोत की रिकाम्या, वर फडकं टाकायचंच. मघाशी तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं, माश्या बसू नयेत म्हणून असेल. माश्या कसल्या, ते माणसांच्या नजरेसाठी आहे.

खाडीचं हे तोंड अरुंद. क्रूस नाकासमोर धरला की होडी खोल पाण्यातून बिनघोर आत येते. जरा ढळली की डाव्या हाताला पाण्याखाली कातळ आहे. तो क्रूस सांतान तांडेलाने उभारला, असं सांगतात. फार पूर्वी, माझ्या पणज्याच्याही आधी. थोरला मुलगा तापाने गेला तेव्हा त्याने नवस केला होता म्हणे, की देवा, काहीही होवो, घरी येताना माझी नजर तुझ्यावरच राहील.

आणि राहिली. पुढे बायको गेली. एका वादळात होडी फुटली, ती डागडुजी करून तो पुन्हा दर्यावर गेला. घरात उरला एकच मुलगा, बस्त्याव. एवढं सोसूनही सांतान क्रूसाकडे बघत, ओठांत प्रार्थना म्हणत आत यायचा. लोक त्याचं नाव घेऊन पोरांना शहाणपण शिकवायचे.

त्याचा धाकटा भाऊ दुमिंग म्हणजे दुसरी तऱ्हा. देवळात मिस्साला उशिरा यायचा आणि खांबाला टेकून डुलक्या काढायचा. पण जाळं टाकलं की पापलेटच. एका वर्षी सांतानची टोपली रोज रिकामी आणि दुमिंगची ओसंडून वाहणारी. भाऊ मायेने चार मासे आणून द्यायचा, ते सांतानच्या घशाखाली उतरत नसत. मुलगा गेला, बायको गेली, तेव्हा त्याने देवाला जाब विचारला नव्हता. भावाच्या पापलेटांचा मात्र विचारला. प्रार्थनेला बसला की डोळ्यांपुढे ती टोपलीच यायची. दुःखाने माणूस गुडघ्यांवर येतो, मत्सराने त्याची मान वळते. आम्ही सगळे असेच.

एका दुपारी ओहोटीला दोघे परतत होते. सांतान पुढे, त्याच्या होडीच्या टोकावर बस्त्याव बसलेला. मागून दुमिंगच्या गाण्याचा आवाज आला. गातोय, म्हणजे आजही भरपूर मिळालंय. सांतानला राहवलं नाही. क्रूस समोर असताना त्याने मान मागे वळवली. टोपल्यांत ऊन चमकत होतं. किती आहेत ते बघण्यात तो गुंतला आणि सुकाणूवरचा हात मानेबरोबर वळला.

होडी कातळावर चढली आणि फाटली. सांतानने कातळ धरला, पण बस्त्याव पलीकडे फेकला गेला आणि ओहोटी त्याला ओढू लागली. दुमिंगची होडी मालाने खोल बसलेली, ती कातळावरून जाणं शक्य नव्हतं.

"दुमिंगा, माज्या पोराला घे रे," सांतान ओरडला म्हणे.

दुमिंगने सगळ्या टोपल्या दर्यात उलट्या केल्या. होडी हलकी होऊन वर आली, कातळावरून घासत गेली, आणि त्याने पुतण्याला केसांना धरून आत ओढलं. ज्या पापलेटांवर सांतानचा जीव जळत होता, ती त्याच्याभोवती तरंगत होती.

किनाऱ्यावर सांतानने भावाला खरं ते सांगितलं. "मी क्रूसाकडं नव्हतो बगत. तुज्या टोपलीकडं बगत होतो."

पुढे सांतानने नवी होडी पाण्यात घातली. पहिल्याच दिवशी त्याच्या मागून दुमिंग आत आला तो उघडाच. अंगातला सदरा काढून त्याने टोपलीवर पांघरला होता. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "दादाची मान लय दुकते." ते कानी आल्यावर सांतान वाळूत बसून रडला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आपली रिकामी टोपलीही झाकली, कोणी कीव करायला मान वळवू नये म्हणून.

आजही क्रूस ओलांडेपर्यंत कोणाची भरली आणि कोणाची रिकामी, ते कळत नाही. मग फडकी निघतात, सगळं कळतं, आणि पोटात दुखायचं त्याच्या दुखतंच. पण तोवर त्याची होडी कातळ चुकवून आत आलेली असते.