गाळलेला सूर

ज्या काळी गाणी पिंजऱ्यात घालून विकली जात, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात कनकशेट नावाचा व्यापारी होता. चांगल्या चांगल्या गवयांची गाणी तो आपल्या बागेत राघूंना शिकवी आणि ते राघू विकी. एका राघूला एकच गाणं येई. त्यामुळे बारशाला वेगळा राघू लागे, लग्नाला वेगळा. शेटचं झकास चाललं होतं.

मग कुणीतरी डोंगरातून मैना आणल्या. मैना एकदा ऐकलेलं गाणं हुबेहूब म्हणे, आणि अशी कितीही गाणी तिच्या गळ्यात मावत. शेजारचा राघू गायला की मैनेवाल्या घरात तेच गाणं फुकटात.

शेटच्या तोंडचं पाणी पळालं. राघू खपले नाहीत तर गवयांना काय द्यायचं, बागेतल्या माणसांनी काय खायचं? ही काळजी खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. उपाय मात्र त्याने भलताच शोधला.

गाण्यातला एखादा सूर मधेच गाळला, की मैना अडखळते आणि ते गाणं शिकायचंच सोडून देते, हे त्याने हेरलं होतं. तो तडक राजाकडे गेला. यापुढे प्रत्येक राघूला एक सूर गाळूनच गाणं शिकवावं, असा हुकूम त्याने मागितला.

राजा म्हणाला, "मैना अडेल हे खरं. पण गाणं बिघडणार नाही का?"

"महाराज, एका सुराने काय होतंय? लोकांचे कान एवढे तयार कुठे असतात?"

राजाने हुकूम दिला, पण एक अट घातली. शेटच्या घरातही पुरतं गाणं ऐकू येता कामा नये. शेट हसत हसत कबूल झाला.

मैनांना नवं गाणं मिळेना. शेटने मिशीवर ताव दिला. पण राघूही खपेनात. गिऱ्हाईक येई, गाणं ऐके, थोडं घुटमळे आणि रिकाम्या हाताने परत जाई. काय खटकतंय ते कुणालाच सांगता येत नसे. दिवस मंदीचे आहेत, असं शेट सगळ्यांना सांगत राहिला.

त्याच सुमारास शेटला नातू झाला. बागेतला उत्तमातला उत्तम राघू पाळण्याशी टांगला गेला. तो गाऊ लागला की बाळाचे डोळे मिटत, आणि गाळलेल्या सुराची जागा आली की बाळ दचकून टाहो फोडी. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. पोर झोपेविना सुकत चाललं आणि आजोबाच्या जिवाला घोर लागला.

एका दुपारी शेट जेवायला आला तर घर शांत. बाळ गाढ झोपलं होतं. पाळण्याशी एक मैना बसली होती आणि हुकमाआधी ऐकलेला तोच पाळणा गात होती, सगळ्या सुरांसकट. सून घाबरून उभी राहिली.

"मामंजी, शेजारणीकडून मागून आणली. मला काय बोलायचं ते बोला, पण तिला गाऊ द्या. बाळ आत्ताच झोपलंय."

शेट उंबऱ्यातच बसला. तो सूर आला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. ज्या कानांना तो कच्चे म्हणत होता, त्यात त्याच्या नातवाचेही कान होते.

संध्याकाळी त्याने स्वतः जाऊन हुकूम मागे घ्यायला लावला आणि बागेचं दार मैनांनाही उघडलं. मैनेला ऐकलेलंच येतं; नवं गाणं तिला कुणीतरी आधी ऐकवावं लागतं. गवई शेटच्याच बागेत होते. लोक पिंजरे घेऊन येऊ लागले, गाणं शिकवून नेऊ लागले आणि खुशीने बिदागी ठेवू लागले. राघूंच्या भरभराटीतही शेटच्या दारात एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

तात्पर्य: दुसऱ्याला फुकट मिळू नये म्हणून जो आपलाच माल बिघडवतो, त्याला विकत घेणाराही उरत नाही.