राळेचे सांधे

फार पूर्वी, म्हणजे नेमके केव्हा ते आता खात्रीने सांगता येत नाही, एका टेकडीवर एक विद्यापीठ होते. टेकडीचे तोंड पूर्वेला होते की दक्षिणेला, यावरही सांगणाऱ्यांचे एकमत नाही. पण तिथली रीत मात्र सगळे सारखीच सांगतात. नवा कुलगुरू आला की तो आपल्या नावाची नवी इमारत उठवी. जुनी इमारत हत्ती लावून पाडत, मोडतोड मागच्या घळीत लोटत आणि नव्या तुळयांसाठी टेकडीवरचा साग तोडत.

असे होता होता घळ काठोकाठ भरली आणि टेकडी बोडकी झाली. उरली फक्त झऱ्याच्या माथ्यावरची सागाची एक लहानशी राई. तिच्या सावलीने झरा टिकून होता, आणि सगळे विद्यापीठ त्याच झऱ्याचे पाणी पीत होते.

इमारतींची देखभाल करायला एक म्हातारा वास्तुपाल होता. चाळीस वर्षे गळकी छपरे आणि निखळलेली दारे दुरुस्त करून तो थकला होता. नवे कुलगुरू आले तेव्हा त्याला ना आनंद झाला, ना भीती वाटली. फक्त आता पुन्हा तेच, असे वाटून त्याचे गुडघे जरा जास्त दुखले.

"जुने छात्रालय पाडा," कुलगुरू म्हणाले. "तिथे दहा खणांचे सभागृह हवे. लाकडाला राई आहेच."

"महाराज, राई गेली तर झरा आटेल," वास्तुपाल म्हणाला. "छात्रालय पाडू नका, सांधे सोडवून उतरवू द्या. त्याच्याच लाकडाचे सभागृह उभे करतो."

"जुन्या लाकडाचे? माझे सभागृह?"

"चांगले मुरलेले लाकूड आहे. नव्यापेक्षा कमीच वाकेल."

कुलगुरूंनी थोडा विचार केला. "बरे. पण तुमच्या जुन्या लाकडाने दगा दिला, तर राई तोडायची. मग रडत यायचे नाही."

काम सुरू झाले. पूर्वेच्या बाजूचे सांधे लाकडी खुंट्यांचे होते. थोरला सुतार एकेक खुंटी मागून ठोकी, ती अलगद बाहेर येई, आणि तुळई दोरांवरून सरळ खाली उतरे. सुतार खुशीत वास्तुपालाला म्हणाला, "आबा, बघा तरी! ज्यांनी हे जोडले त्यांच्या पाया पडावेसे वाटते."

पश्चिमेची बाजू लागली आणि हातोडे अडले. तिथल्या सांध्यांत राळ ओतून वर वीतभर खिळे मारलेले होते. ओढावे तर तुळई टोकापासून उभी चिरत जाई.

"कोण हा शहाणा?" सुतार ओरडला. "जोडताना मोठा हुशार! हे कधी कोणाला सोडवावे लागेल, हे याच्या डोक्यातच आले नसेल."

वास्तुपाल विटांच्या ढिगावर बसला. "मीच तो," तो म्हणाला. "तीस वर्षांपूर्वी ही बाजू खचली होती. पदवीदान जवळ आले होते. मी म्हटले, ओता राळ, मारा खिळे, पक्के होऊन जाईल. सगळ्यांनी शाबासकीसुद्धा दिली."

सुतार ओशाळला. मग जवळ सरकून म्हणाला, "आबा, दोन खणांच्या तुळया गेल्या. आता वाळवीवर ढकला. लाकूड खाल्ले म्हणा. वाळवी काही कुलगुरूंकडे तक्रार घेऊन जात नाही."

वास्तुपालाला हसू आले, आणि मोहही झाला. उतारवयात कोणाला आपली चूक चारचौघांत मांडावीशी वाटते? शिवाय खरे बोलून राई वाचेलच याची त्याला खात्री नव्हती. खात्री त्याला हल्ली कशाचीच वाटत नसे. तरी तो उठला आणि टेकत टेकत कुलगुरूंकडे गेला.

"महाराज, दोन खणांचे लाकूड चिरले."

"म्हणजे दगा दिला! मी म्हणालोच होतो."

"लाकडाने नाही दिला. मी दिला. सांधे मी बिघडवले होते. जिथे माझा हात लागला नाही, तिथली प्रत्येक तुळई शाबूत उतरली आहे. सभागृह आठ खणांचे करा, लोक जरा दाटीने बसतील. शिक्षा काय ती मला द्या."

"लाकूड कुजके निघाले म्हणाला असतात, तर आजच राईला कुऱ्हाडी लावल्या असत्या," कुलगुरू म्हणाले. "चांगले लाकूड हाताशी असताना दोन खणांसाठी झरा कोण आटवेल? आठ खण पुरे. पण हे काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"बरोबर आहे," वास्तुपाल म्हणाला. "एवढेच सांगून जातो. नवे सांधे खुंट्यांचे करा."

सभागृह आठ खणांचे झाले. चिरलेल्या तुळयांचे बाक झाले, बाकांतून उरलेल्याच्या खुंट्या झाल्या, फुटक्या विटांनी झऱ्याकडची वाट बांधून काढली. घळीत एक टोपलीही पडली नाही. उद्घाटनाला वास्तुपालाला बोलावणे गेले नाही. तो खालच्या गावात लेकीकडे राहायला गेला. आपण फार उशिरा बोललो, ही रुखरुख त्याच्या मनातून गेली नाही.

काही वर्षांनी गावच्या बाजारात त्याला एक जख्ख म्हातारा गवंडी भेटला. पश्चिमेची बाजू खचली त्या वर्षी राळ तापवणारा तोच होता. खुंट्या मारत बसलो असतो तर किती दिवस जास्त लागले असते, असे वास्तुपालाने त्याला विचारले. गवंड्याने बोटे मोजली आणि म्हणाला, चार. वास्तुपालाचा विश्वास बसला नाही. तो पलीकडच्या गावी राहणाऱ्या, त्याच कामावरच्या दुसऱ्या गवंड्याकडे चालत गेला आणि त्यालाही तेच विचारले. तोही चारच म्हणाला.

तात्पर्य इतकेच, की जोडताना पुढे सोडवणाऱ्याची आठवण ठेवावी. आणि ती ठेवायची राहून गेली असेल, तर निदान दोष लाकडावर ढकलू नये.